मूल हवंय आणि रिपोर्ट नवऱ्याचा कमी आलाय : नागपुरात खर्चाचा हिशेब कसा मांडायचा

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली फाइल बायकोच्या नावाची उघडते. तिच्या सोनोग्राफ्या होतात, रक्त तपासलं जातं, गर्भनलिकांचा एक्स-रे निघतो, कधी कधी तर दुर्बिणीतून तपासणीही उरकते. तोवर वीस-पंचवीस हजार गेलेले असतात आणि नवऱ्याची वीर्य तपासणी, जी हजार रुपयांच्या आसपास होते, ती 'पाहू नंतर' म्हणून तशीच पडून असते. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो, कधी एकट्याने, कधी बायकोच्या कारणासोबत.

मी बुटीबोरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कोटेशन मागवायचं, दर जुळवायचे आणि 'यात काय धरलंय, काय नाही' हे विचारायचं, हे माझं रोजचं काम. माझा रिपोर्ट कमी आला तेव्हा हीच सवय उपयोगी पडली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कोणतं घ्यायचं हे मी सांगणार नाही. पैसा कोणत्या क्रमाने खर्च करायचा, कुठे हात आखडायचा आणि कुठे मुळीच आखडायचा नाही, एवढंच सांगतो. आकडे नागपुरातल्या खासगी दवाखान्यांचे आणि लॅबचे ढोबळ अंदाज आहेत. तुमच्या हातात पडणारं कोटेशन त्यापेक्षा वरखाली असू शकतं.

१. सुरुवात कधी आणि कुठून

बायकोचं वय ३५ पेक्षा कमी असेल आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील, तर तपासण्या सुरू करा. ती ३५ किंवा त्यापुढची असेल तर सहा महिन्यांतच. लहानपणी तुमचं वृषण खाली उतरलेलं नसेल, गालगुंडात वृषणाला सूज आली असेल किंवा कॅन्सरची औषधं घेतली असतील, तर महिने मोजत बसू नका.

पहिला खर्च एकच : वीर्य तपासणी, म्हणजे सीमेन अॅनालिसिस. खासगी लॅबमध्ये ५०० ते १,५०० रुपये. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो, एम्स अशा सरकारी दवाखान्यांत खर्च नाममात्र असतो. मात्र कोणत्या दिवशी, किती वाजता नमुना घेतात हे आधी विचारून जा, नाहीतर सुट्टी वाया जाते. खासगीत लॅब निवडताना एकच गोष्ट बघा. ती ही तपासणी रोज करते का? रक्त-लघवीच्या गर्दीत आठवड्यातून एखादा नमुना बघणाऱ्या लॅबपेक्षा वंध्यत्व केंद्राला जोडलेली लॅब बरी. तिथे दोनशे-तीनशे रुपये जास्त लागले तरी द्या, कारण पुढचे लाखांचे निर्णय याच कागदावर होणार आहेत.

नमुना देताना लोक कुठे चुकतात ते सांगतो.

- आधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. पंधरा दिवस थांबलं तर काऊंट (शुक्राणूंची संख्या) चांगला येईल, हा समज चुकीचा आहे. जुने शुक्राणू साचतात आणि हालचाल कमी दिसते.
- तेल, क्रीम, थुंकी, साबण काही वापरायचं नाही. नेहमीचा कंडोमही नको, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात.
- पूर्ण नमुना डबीत यायला हवा. पहिल्या भागात शुक्राणू सर्वांत जास्त असतात. थोडा सांडला असेल तर काऊंटरवर तसं स्पष्ट सांगा, लपवू नका.
- घरून नेणार असाल तर तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात पोहोचवा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. मे महिन्यातल्या ४५ अंशांत गाडीच्या डिकीत ठेवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट काही कामाचा नाही.
- गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात, त्यामुळे तापाचा परिणाम दोन-अडीच महिन्यांनीही दिसतो.

नमुना द्यायची खोली कशी आहे, हे आदल्या दिवशी बघून आलात तरी हरकत नाही. मी गेलो त्या एका लॅबमध्ये काऊंटरवरच्या मुलाने भर गर्दीत 'सीमेनवाले कोण?' म्हणून हाक मारली. खोली म्हणजे जिन्याखालचं बाथरूम होतं, कडी अर्धीच लागत होती आणि बाहेर बादल्यांचा आवाज चालू होता. अशा जागी कित्येकांना नमुना देताच येत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरळ दुसरी लॅब शोधा, किंवा घर जवळ असेल तर घरून आणायची परवानगी मागा.

एका रिपोर्टवर काहीच ठरवू नका. काऊंट एकाच माणसात आठवड्या-आठवड्याला बदलतो. पहिला रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. हे हजार रुपये मी सगळ्यांत शहाणपणाचा खर्च मानतो.

२. रिपोर्ट स्वतः वाचायला शिका

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा आहेत : वीर्य १.४ मिली, दर मिलीत १६ मिलियन शुक्राणू, एका नमुन्यात एकूण ३९ मिलियन, हालचाल करणारे एकूण ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. मिलियन म्हणजे दहा लाख. म्हणजे १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख. काही लॅब अजून २०१० च्या जुन्या मर्यादा छापतात, तिथे १५ मिलियन दिसेल. फरक किरकोळ आहे, घाबरू नका.

हे आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले त्यांची तपासणी करून, त्यांतल्या सगळ्यांत खालच्या पाच टक्क्यांची रेषा इथे धरली आहे. त्या रेषेखालचे कित्येक पुरुष बाप होतात. आणि 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून ज्यांना घाम फुटतो त्यांना सांगतो, चांगल्या माणसातही ९० टक्क्यांहून जास्त शुक्राणू वेडेवाकडेच दिसतात.

हिशेबासाठी खरा उपयोगाचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो : एकूण हलणारे शुक्राणू. वीर्याचं प्रमाण गुणिले काऊंट गुणिले हालचालीची टक्केवारी. समजा २ मिली, दर मिलीत ८ मिलियन, हालचाल २५ टक्के. झाले ४ मिलियन. हा आकडा रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

३. यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय मोठा चेक फाडू नका

रिपोर्ट कमी आला की बरेच जण थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटर गाठतात. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतात आणि बोलणं थेट इक्सीवर, म्हणजे शुक्राणू सुईने अंड्यात सोडण्यावर, येतं. मधली पायरी सुटते. पुरुषाला हाताने तपासणारा डॉक्टर लागतो, यूरॉलॉजिस्ट किंवा अँड्रॉलॉजिस्ट. धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड भागात खासगी यूरॉलॉजिस्ट मिळतात, फी साधारण ५०० ते १,००० रुपये. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमध्येही यूरॉलॉजीचा विभाग आहे. दहा मिनिटांच्या तपासणीत वृषणाचा आकार, फुगलेल्या शिरा म्हणजे व्हेरिकोसील आणि वीर्यनलिका आहे की नाही, एवढं कळतं. नलिका जन्मतःच नसणारे पुरुषही असतात, आणि ते हातानेच कळतं.

त्यापुढच्या तपासण्या सगळ्यांनाच लागत नाहीत. कोणती कशासाठी, ते असं :

- हार्मोन्स (एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन) : साधारण १,५०० ते ३,००० रुपये. काऊंट कमी असेल तर हवीच. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळीच द्या.
- वृषणाची डॉपलर सोनोग्राफी : १,५०० ते ३,०००. हाताला शंका आली तर. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या आणि हाताला न लागणाऱ्या बारीक शिरांसाठी ऑपरेशन करायची गरज नसते.
- कॅरिओटाइप आणि वाय क्रोमोसोम मायक्रोडिलीशन (रक्तातून होणाऱ्या जनुकीय तपासण्या) : दोन्ही मिळून आठ-दहा हजारांच्या पुढे. काऊंट ५ मिलियनच्या खाली किंवा निल (एकही शुक्राणू नाही) असेल तर.
- वीर्यानंतरची लघवी तपासणी : काहीशे रुपये. मधुमेह असेल, वीर्य फारच थोडं येत असेल तर. वीर्य उलटं मूत्राशयात जातं का, ते यातून कळतं.
- डीएनए फ्रॅगमेंटेशन (शुक्राणूंतला डीएनए किती तुटलाय ते) : ४,००० ते ८,०००. पहिल्याच फेरीत ही करायची नसते. वारंवार गर्भपात झाले असतील तर डॉक्टरांशी बोलून करा. पहिल्या भेटीतच कोणी लिहून दिली तर 'याच्या उत्तराने उपचार कसा बदलेल?' असं नम्रपणे विचारा.

आणखी एक, विदर्भातल्या माणसांसाठी. आपल्याकडे सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण जास्त आहे, पूर्व विदर्भात तर खूपच. दोघांनीही ही तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात सहज होते. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला सिकलसेल होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि इक्सीचा खर्च करण्याआधी हे माहीत असणं फार गरजेचं आहे. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या पुरुषांनी तर हे सांगायलाच हवं, त्या औषधाने काऊंट पडतो. पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

४. पहिले तीन महिने : जे फुकट सुधारतं ते आधी

हा सल्ला गोड लागणार नाही. खर्रा सोडा. पानठेल्यावर सकाळी घोटून घेतलेली पुडी दिवसभर गालात धरणारे माझ्यासोबत काम करणारेच कितीतरी आहेत, आणि त्यांना वाटतं फक्त सिगारेटच वाईट. तंबाखू चघळली तरी रक्तात उतरते आणि काऊंट व हालचाल दोन्ही कमी करते. दिवसाला तीन-चार पुड्या म्हटलं तर महिन्याचे जे तीन-चार हजार वाचतात, त्यात हार्मोन्स आणि डॉपलर दोन्ही निघतात.

जिममध्ये कोणी 'टेस्टो' म्हणून इंजेक्शन किंवा पावडर देत असेल तर आजच बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणाला काम थांबवायचा निरोप देतो आणि काऊंट शून्यावरही येतो. कमजोरीसाठी म्हणून काही डॉक्टरही हे इंजेक्शन लिहून देतात. मूल हवं असलेल्या पुरुषाने ते घेऊ नये. बंद केल्यावर बहुतेकांचा काऊंट परत येतो, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

वृषण शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड राहायला हवं. भट्टीजवळ, बॉयलरजवळ काम असेल, दिवसभर ट्रक चालवायचा असेल, तर सुपरवायझरशी बोलून ड्युटी बदलता येते का बघा. लॅपटॉप मांडीवर नको. वजन कमी करा, साखर तपासा.

आणि ते 'काऊंट वाढवणाऱ्या' गोळ्यांचे डबे? महिन्याला हजार-दोन हजार, वर्षभर घेतल्या तर मोठी रक्कम होते. या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी मूल होण्याची शक्यता वाढते याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या गोळ्यांनी ना काऊंट-हालचाल सुधारली, ना गर्भधारणा वाढली. डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी दिल्या तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर वर्ष घालवू नका. भिंतीवरच्या 'खात्रीशीर इलाज' जाहिरातींबद्दल एवढंच की निदान न करता औषध देणाऱ्याकडे एक रुपयाही देऊ नका. त्या पुड्यांत काय असतं हे कोणी सांगत नाही.

५. खरा निर्णय : कारण काय आणि बायकोचं वय किती

सगळा हिशेब इथे येऊन थांबतो. दोन आकडे समोर ठेवा : तुमचे एकूण हलणारे शुक्राणू आणि बायकोचं वय, सोबत तिची एएमएच तपासणी, म्हणजे अंड्यांचा साठा किती उरलाय ते (१,५०० ते २,५०० रुपये). नवऱ्याच्या उपचारात जाणारा वेळ बायकोच्या वयातून वजा होतो. हा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये छापलेला नसतो, म्हणून तो तुम्हीच धरायचा.

*व्हेरिकोसील असेल तर.* साधारण १५ टक्के पुरुषांना तो असतो आणि मूल होत नसलेल्या पुरुषांत त्याहून खूप जास्त. हाताला लागणारा असेल आणि रिपोर्ट कमी असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली होणारं ऑपरेशन हा पर्याय आहे. खासगीत साधारण ५० हजार ते एक लाख, सरकारीत त्याच्या लहानशा भागात. काऊंट सुधारायचा असेल तर तो तीन ते सहा महिन्यांत सुधारतो. बायको २७-२८ ची असेल, एएमएच चांगलं असेल, तर मी आधी ऑपरेशनच म्हणेन : एकदा खर्च करून दर महिन्याला नैसर्गिक संधी मिळते, दुसऱ्या बाळासाठीही. बायको ३७ ची असेल, एएमएच कमी असेल, तर हेच सहा महिने महाग पडतात आणि थेट इक्सी शहाणपणाची ठरू शकते. आमच्याकडे बायको तिशीची होती, म्हणून ऑपरेशन आधी केलं. काऊंट वाढला, पूर्ण नॉर्मल नाही झाला, पण इक्सीची गरज उरली नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही.

*थोडी कमतरता असेल तर.* आययूआय म्हणजे धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडणं. औषधं आणि सोनोग्राफीसह एका वेळचे साधारण ८ ते १५ हजार. धुतल्यानंतर हलणारे शुक्राणू ५ मिलियनच्या आसपास किंवा जास्त असतील तर याला अर्थ आहे. एक मिलियनच्या खाली असतील तर आययूआयवर पैसे घालवणं मला पटत नाही. दर वेळचं यश कमीच असतं, म्हणून तीन-चारपेक्षा जास्त करत बसू नका. आठ-दहा आययूआय करून दमलेल्या जोडप्यांचा तेवढ्यात इक्सीचा निम्मा खर्च झालेला असतो.

*खूपच कमी असेल तर इक्सी.* एकेक शुक्राणू सुईने अंड्यात सोडतात. १९९२ पासून जगभर वापरात आहे. एका सायकलचे (उपचाराच्या एका पूर्ण फेरीचे) सगळं मिळून साधारण दीड ते अडीच लाख. तिशीच्या सुरुवातीच्या बायकोलाही एका सायकलमध्ये बाळ हातात येण्याची शक्यता निम्म्याहून कमी असते आणि चाळिशीनंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून बजेट करताना एकीचं करू नका, दोन सायकलींचं करा. शुक्राणू नॉर्मल असताना साध्या आयव्हीएफऐवजी इक्सी करून फायदा वाढत नाही, तेव्हा तिथे वरचे पैसे का, हे जरूर विचारा.

*निल काऊंट असेल तर.* इथे घाईने सगळ्यांत जास्त पैसे बुडतात. आधी ठरवायचं असतं की शुक्राणू बाहेर यायचा रस्ता बंद आहे की ते तयार करणारा कारखानाच बंद आहे.

रस्ता बंद असेल, म्हणजे हार्मोन्स नॉर्मल आणि वृषणाचा आकार चांगला असेल, तर सुईने वृषणातून शुक्राणू काढतात. पंधरा-तीस हजारांत होतं आणि शुक्राणू जवळपास नक्की मिळतात. नसबंदी झालेली असेल तर नलिका पुन्हा जोडायचं ऑपरेशनही असतं, बायको तरुण असेल तर ते इक्सीपेक्षा स्वस्त पडू शकतं.

कारखाना बंद असेल, एफएसएच वाढलेलं आणि वृषण लहान असेल, तर मायक्रो-टेसे नावाचं ऑपरेशन लागतं. साठ हजार ते दीड लाख, आणि शुक्राणू मिळण्याची शक्यता साधारण ४० ते ५० टक्के. मिळाले तरी पुढे इक्सी आहेच. म्हणून आधी वाय मायक्रोडिलीशनची तपासणी. त्यात एझेडएफ ए किंवा एझेडएफ बी हा भाग पूर्ण गळालेला निघाला, तर मायक्रो-टेसे करूनही शुक्राणू मिळत नाहीत. काही हजारांची तपासणी तुमचे लाख-दीड लाख आणि एक भूल वाचवते. ही तपासणी न करता ऑपरेशनची तारीख देणाऱ्या ठिकाणाहून उठून या.

आणि तिसरा, थोड्यांच्या नशिबी येणारा चांगला प्रकार : मेंदूकडून निरोपच येत नाही, एफएसएच-एलएच दोन्ही खूप कमी. यात हार्मोनच्या इंजेक्शनांनी सहा महिने ते दोन वर्षांत शुक्राणू तयार होऊ लागतात. महिन्याचा खर्च हजारांत जातो, पण इक्सी टळूही शकते.

६. पॅकेजचं कोटेशन लेखीच घ्या

'एक लाख दहा हजारांत टेस्ट ट्यूब बेबी' असा बोर्ड वाचला की खालची यादी काढा आणि प्रत्येक ओळीपुढे 'आत' किंवा 'बाहेर' असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

- बायकोची स्टिम्युलेशनची (जास्त अंडी तयार करण्याची) इंजेक्शनं. बहुतेक ठिकाणी बाहेर असतात आणि ४० ते ९० हजारांपर्यंत जातात.
- भूल, ओटी, त्या दिवसाची भरती.
- वृषणातून शुक्राणू काढायचा खर्च. शुक्राणू न मिळाल्यास किती परत?
- गर्भ गोठवणं, वर्षाचं भाडं आणि नंतर गोठवलेला गर्भ सोडायचा खर्च (साधारण ३० ते ६० हजार).
- गर्भ तयारच झाला नाही, किंवा सायकल मध्येच थांबली, तर किती आकारणार?
- गर्भ सोडल्यानंतरची प्रोजेस्टेरॉनची औषधं. दिवस राहिले तर आठवडेच्या आठवडे चालतात.

यानंतर येतात 'अॅड-ऑन', म्हणजे पॅकेजवर वरून जोडले जाणारे लॅबमधले प्रकार : पिक्सी, इम्सी, मॅक्स, चिप, लेझर हॅचिंग. एकेक १० ते ३० हजारांचं. सगळ्यांना उपयोग होतो असा पुरावा यांपैकी कशालाच नाही. आमच्यासाठीच का, हे विचारा, उत्तर पटलं तर घ्या. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणारा दवाखाना सोडून द्या. तीन सायकलींच्या पॅकेजमध्ये 'पैसे परत' लिहिलेलं असेल तर खालच्या बारीक अटींत वय, एएमएच आणि 'शुक्राणू स्वतःचे असतील तर' हे शब्द शोधा.

अंडी काढायच्या दिवशी नवऱ्याला नमुना देता आला नाही, तर लाखाची सायकल अडचणीत येते. म्हणून आधीच एक नमुना गोठवून ठेवा, काही हजारांत होतं. ज्यांचा काऊंट कधी दिसतो कधी दिसत नाही, त्यांनी तर नक्कीच.

दवाखाना २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेला आहे का, तेही विचारा. फक्त आययूआय करणारे पहिल्या स्तराचे आणि आयव्हीएफ-इक्सी करणारे दुसऱ्या स्तराचे, अशी वेगळी नोंदणी असते. या कायद्यात बायकोचं वय २१ ते ५० आणि नवऱ्याचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे. आयव्हीएफ-इक्सीवर जीएसटी लागत नाही, २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने हे स्पष्ट केलं. बिलात दिसला तर हरकत घ्या.

गोंदिया, यवतमाळ, बालाघाटहून येणाऱ्यांनी राहण्याचा खर्च मांडायला विसरू नका. इंजेक्शनं सुरू असताना दहा-बारा दिवस एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी असते. ती इंजेक्शनं आणि सोनोग्राफी गावाकडच्या डॉक्टरांकडे होऊ शकते का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

७. पैसा कुठून

बहुतेक आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचा उपचार वगळलेला असतो. पॉलिसीच्या पुस्तिकेत 'एक्सक्लूजन १७' शोधा, तिथेच ते लिहिलेलं असतं. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मात्र आयव्हीएफ धरलेलं असतं, म्हणून एचआरला लेखी विचारा. व्हेरिकोसीलचं ऑपरेशन दुखण्यासाठी होत असेल तर क्लेम बसू शकतो, वंध्यत्वासाठी लिहिलं असेल तर नाकारला जातो. खरं निदान असेल तेच लिहिलं जाऊ द्या, खोटं लिहून घेऊ नका, पुढे सगळी पॉलिसीच धोक्यात येते. आयुष्मान भारतमध्ये कृत्रिम गर्भधारणा येत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएस आरोग्य योजनेत आयव्हीएफसाठी अटींसह परतफेडीची सोय आहे, पण परवानगी उपचाराआधी घ्यावी लागते. रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) किंवा इतर सार्वजनिक कंपनीत असाल तर तिथल्या मेडिकल विभागात आधी जा.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे. बाळासाठी सोनं मोडायला आई-बाबा एका पायावर तयार होतात, आणि त्यांना नाही म्हणणं कठीण जातं. तरी निदान होईपर्यंत कोणाचंही सोनं मोडू नका, शेत गहाण ठेवू नका. 'नो कॉस्ट ईएमआय' घेताना प्रोसेसिंग फी आणि सायकल थांबली तर कर्ज रद्द होतं का, एवढं वाचा.

८. फाइल तयार ठेवा

- दोघांचं आधार आणि वयाचा पुरावा. दोघांची नावं सगळीकडे सारखी आहेत ना, बघा. बायकोचं आधार माहेरच्या नावाचं आणि बाकी कागद सासरच्या नावाचे, यात परतफेड अडकते.
- लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र. पत्रिका आणि फोटो चालत नाहीत. नसेल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज करा, आजच.
- सगळे वीर्य रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, मूळ प्रती. दवाखाना मूळ ठेवून घेत असेल तर झेरॉक्स त्यांना द्या.
- ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीची फिल्म.
- चालू औषधांची यादी. प्रोटीन पावडर आणि आयुर्वेदिक काढेसुद्धा.
- प्रत्येक बिल आणि पावती. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका.

संमतीपत्र सही करण्याआधी घरी नेऊन वाचायची मुभा मागा. गोठवलेल्या गर्भांचं पुढे काय, एकाचा मृत्यू झाला तर काय, हे त्यात विचारलेलं असतं. त्याची उत्तरं काऊंटरवर उभं राहून देता येत नाहीत.

९. कुठे थांबायचं, ते आधी ठरवा

उपचार सुरू होण्याआधी दोघांनी एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून बसा आणि वहीत दोन आकडे लिहा : जास्तीत जास्त किती रुपये, आणि जास्तीत जास्त किती सायकली. सायकल फसल्यावर, बायको रडत असताना 'अजून एकदा' म्हणायला कोणीही तयार होतं, म्हणून हे आधी. घरात काय सांगायचं तेही तेव्हाच ठरवा. रिपोर्ट तुमचा कमी असेल तर 'डॉक्टरांनी माझ्यासाठी उपचार सांगितलाय' हे वाक्य आईसमोर तुम्ही स्वतः म्हणा. ते न म्हटल्याने 'काहून बाप्पा, हिला अजून काही नाही?' हे टोमणे बायको वर्षानुवर्षं ऐकते, आणि त्याची किंमतही तीच भरते.

दात्याच्या वीर्याने आययूआय हा पर्याय निल काऊंटमध्ये खर्चाला सर्वांत हलका आहे. कायद्याने वीर्य नोंदणीकृत एआरटी बँकेतूनच यावं लागतं, दात्याचं नाव गुप्त राहतं आणि दोघांची लेखी संमती लागते. एकाचं मन तयार नसेल तर पुढे जाऊ नका, वेळ घ्या. दत्तक घ्यायचं मनात असेल तर 'कारा'च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी उपचार चालू असतानाही करता येते. लग्नाला किमान दोन वर्षं हवीत आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी. तिथली प्रतीक्षा लांब असते, त्यामुळे मनात असेल तर नोंदणी लवकर करून ठेवा.